जुन्या पिकअपचा सायलेन्सर फटफटतोय? लीकेज शोधण्यापासून पक्क्या कामापर्यंत

बोलेरो पिकअप असो की टाटा २०७, दहा-बारा वर्षं कांदा, भाजी, दुधाचे कॅन वाहिलेल्या गाडीचा आवाज कधीतरी बदलतोच. चढावर ॲक्सिलेटर दाबला की फटफट, सकाळी थंड इंजिन सुरू केलं की टिकटिक, आणि केबिनमध्ये डोळे चुरचुरवणारा धूर. मग "सायलेन्सर गेला" म्हणत गाडी सरळ वेल्डिंगवाल्याकडे नेली जाते, तो दिसेल त्या भोकावर पत्रा चिकटवतो आणि दोन महिन्यांत शेजारी दुसरं भोक पडतं. पाईप उगाच फुटत नाही. पाईप लटकवणारं हँगर रबर तुटलेलं असतं, इंजिनखालचं रबरी माउंटिंग दबून गेलेलं असतं, नाहीतर मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र करणारा जाड पाईप) वाकलेला असतो. ते कारण शोधून काढल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

खालची माहिती चार सिलिंडरच्या टर्बो डिझेल पिकअपची आहे, साधारण बीएस-२ ते बीएस-४ (भारत स्टेज हे धुराचे सरकारी निकष) या काळातल्या. बीएस-६ गाडीत डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) आणि बरेच सेन्सर असतात. तिचं काम वेगळं.

धुराची वाट पुढून मागे अशी: हेड (इंजिनचा सिलिंडरवरचा भाग), त्याला जोडलेला बिडाचा मॅनिफोल्ड, टर्बो (धुराच्या दाबाने फिरून इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा), तिथून खाली येणारा डाउन पाईप, बऱ्याच गाड्यांत जाळीदार फ्लेक्सिबल तुकडा, काही मॉडेलला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा), मग सायलेन्सरचा डबा आणि शेवटी टेल पाईप. यातला प्रत्येक जोड लीक होऊ शकतो, पण सगळ्यांचं महत्त्व सारखं नाही. टर्बोच्या आधी लीकेज असेल तर टर्बो फिरवणारा दाबच बाहेर निसटतो. गाडीचं पिकअप (ओढ) कमी होतं, लोडवर काळा धूर येतो, डिझेल जास्त लागतं. टर्बोनंतरचं लीकेज आवाज आणि धूर देतं, ताकदीवर फारसा परिणाम करत नाही. केबिनच्या पुढे किंवा खाली असलेलं कुठलंही लीकेज मात्र त्याच आठवड्यात काढा.

हे घाई करायला सांगण्याचं कारण कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण बंद केबिनमध्ये साठायला तेवढा पुरतो. गिअर लिव्हरचं फाटलेलं बूट, पेडलखालची भोकं, वायरिंगचे निघालेले ग्रोमेट यातून धूर आत येतो. मार्केट यार्डात नंबर लागेपर्यंत काचा वर करून, एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणाऱ्या चालकाला हा धोका सर्वांत जास्त. लीकेज आहे अशी नुसती शंका असली तरी इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपू नका. डोकं जड झालं, मळमळलं, गुंगी आली तर लगेच इंजिन बंद करून बाहेर मोकळ्या हवेत या, आणि बरं वाटेना तर दवाखाना गाठा.

आधी लीकेज कुठे आहे ते पक्कं करा

गाडी रात्रभर उभी असावी. सकाळी बॉनेट उघडून ठेवा आणि मदतनीसाला इंजिन सुरू करायला सांगा. पहिल्या मिनिटात स्पष्ट टिकटिक आणि पाच-दहा मिनिटांत ती कमी होत गेली, तर बहुतेक मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलंय किंवा मॅनिफोल्डला चीर आहे. बीड तापलं की फुगतं आणि फट तात्पुरती मिटते. म्हणूनच गरम गाडी गॅरेजमध्ये नेली की "आवाज तर नाही" असं ऐकायला मिळतं. याउलट गरम झाल्यावरही तसाच राहणारा आणि ॲक्सिलेटरबरोबर वाढणारा आवाज डाउन पाईप किंवा त्याच्या मागच्या भागातला समजा.

डिझेल इंजिनात इंजेक्टरही टिकटिकतात, आणि इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर लीक असेल तर आवाज अगदी मॅनिफोल्डसारखाच येतो. फरक ओळखायला मीटरभर लांब रबरी नळी घ्या. एक टोक कानाशी धरा, दुसरं जोडाजोडावरून फिरवा. धूर सुटत असेल तिथे फस्-फस् असा तुटक, टोकदार आवाज नळीतून थेट कानात येतो. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा चिकट थर दिसला तर दोष तिथे आहे, मॅनिफोल्ड उघडू नका. फॅन आणि बेल्टपासून नळी, बाही आणि गळ्यातला गमछा लांब ठेवा.

यानंतर इंजिन बंद करून टॉर्च घ्या. डिझेलचं लीकेज स्वतःची खूण सोडून जातं: जोडाच्या फटीतून बाहेर पसरत गेलेली काजळी, पिसासारखी, फटीजवळ गडद आणि टोकाकडे फिकट. ती बोटाने पुसून गाडी दहा मिनिटं चालवा. नवी काजळी जिथून सुरू होते, तीच जागा. जुनी काजळी बघून निर्णय घेऊ नका, ती मागच्या दुरुस्तीआधीचीही असू शकते.

खालच्या लाइनसाठी (डाउन पाईप ते टेल पाईप) साबणाच्या पाण्यासारखा उपाय नाही. इंजिन पूर्ण थंड असताना टेल पाईपमध्ये ब्लोअरचं तोंड कापड गुंडाळून बसवा आणि हलकी हवा सोडा. कॉम्प्रेसरची हवा वापरायची असेल तर अगदी कमी दाबाने, आणि पाईपचं तोंड घट्ट न बुजवता. मग स्प्रे बाटलीने प्रत्येक फ्लँज (पाईपच्या टोकाची नट-बोल्टने जोडायची चपटी कड), क्लॅम्प, वेल्डिंग आणि फ्लेक्सिबलवर साबणपाणी मारत पुढे सरका. फेस कुठे उठतो ते खडूने खुणावून ठेवा. एक लीकेज सापडलं म्हणून थांबू नका. जुन्या लाइनला दोन-तीन ठिकाणी असतंच.

सायलेन्सरच्या तळाशी असलेलं बारीक गोल भोक बऱ्याचदा कंपनीनेच पाणी निघायला ठेवलेलं असतं. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या फेरीत ते वाफ होऊन निघून जातं, पण दुधाच्या किंवा भाजीच्या छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापतच नाही आणि पाणी डब्यात साठतं. त्यात धुरातली आम्लं मिसळली की पत्रा आतून खायला लागतो. ते भोक वेल्डिंगने बुजवलं तर डबा पुढच्या पावसाळ्याच्या आत कुजतो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर आतून-बाहेरून दोन्हीकडून.

उघडण्याआधी सामान आणा

मॅनिफोल्ड उघडून ठेवला आणि गॅस्केट मिळालं नाही तर गाडी आठवडाभर उभी. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर घेऊन स्पेअरच्या दुकानात जा, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदललेलं आहे. मॅनिफोल्ड गॅस्केट, मॅनिफोल्ड ते टर्बो आणि टर्बो ते डाउन पाईप अशी दोन गॅस्केटं, ईजीआर पाईपचं (थोडा धूर परत इंजिनात नेणारा पाईप) गॅस्केट, टर्बोच्या ऑइल लाइनचे वॉशर, आणि सगळे स्टड (हेडमध्ये रोवलेले बिनडोक्याचे बोल्ट) व नट नवे. स्टड मोजून लागतील त्यापेक्षा दोन जास्त घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला चकचकीत झिंक प्लेटिंगचा साधा बोल्ट इथे चालत नाही. तापून तो मऊ पडतो आणि ताण सोडतो. मॅनिफोल्डचे म्हणून मिळणारे उष्णतेला टिकणारे स्टडच घ्या.

हत्यारांत १० ते १७ मिमीचे रिंग पाने, सहा कोनी सॉकेट (बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटाचे कोन खातं), एक्स्टेन्शन, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच कसणारा पाना), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), लोखंडी सरळ पट्टी, वायर ब्रश, गंज सोडवणारं स्प्रे तेल आणि आटे जाम होऊ न देणारं तांब्याचं अँटी-सीझ ग्रीस. टॉर्क रेंच नसेल तर एका दिवसापुरता मागून आणा, पण अंदाजाने मॅनिफोल्ड कसू नका.

आदल्या संध्याकाळी इंजिन थंड असताना प्रत्येक नटावर स्प्रे मारा, सकाळी पुन्हा मारा. रात्रभर तेल मुरलं की निम्मे नट निमूट सुटतात. गरम मॅनिफोल्डवर हे तेल मारलं तर पेट घेऊ शकतं.

गाडी सपाट काँक्रीटवर, रिकामी, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर. जॅकने उचलून चेसिसखाली दोन स्टँड लावा आणि गाडी हाताने जोरात हलवून बघा. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक लावून खाली झोपू नका. ते आधी तडकत नाहीत, एकदम फुटतात. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा.

मॅनिफोल्ड खाली घेताना

हीट शील्ड, एअर फिल्टरचा पाईप, इंटरकूलरचे होज, डाउन पाईपचे नट, टर्बोची ऑइल लाइन, ईजीआर पाईप, आणि शेवटी मॅनिफोल्डचे नट असा क्रम ठेवा. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढा, जुनं गॅस्केट कोणत्या बाजूने बसलं होतं त्याचाही. टर्बोसकट मॅनिफोल्ड जड असतो, शेवटचा नट काढताना दुसरा माणूस हवाच. टर्बोची सगळी तोंडं स्वच्छ फडक्याने बंद करा. आत पडलेला एक वॉशर टर्बोची पाती खलास करतो.

गंजलेला नट थेट सोडवायला जाऊ नका. आधी किंचित आवळा. "कट्" असा आवाज येऊन गंज मोडला की मग सोडवा: पाव फेरा सोड, थोडा आवळ, तेल, पुन्हा सोड. पाना फिरतोय पण स्प्रिंगसारखा परत येतोय असं हाताला जाणवलं तर तिथेच थांबा. नट हलत नाहीये, स्टड पिळला जातोय, आणखी जोर दिला की तुटेल. अशा वेळी गॅस टॉर्चने नुसता नट लाल होईस्तोवर तापवा, लाली विझली की लगेच फिरवा. जवळपासचे डिझेल पाईप आणि वायरिंग ओल्या गोणपाटाने झाका, वाळूची बादली किंवा आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. डिझेल गळत असेल तर टॉर्च पेटवूच नका.

तुटलेले स्टड बहुतेक पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरच्या टोकाला सापडतात. लोडवर मॅनिफोल्ड पाच-सहाशे अंशांपर्यंत जातो, हेड मात्र पाण्यामुळे शंभरच्या आसपास राहतं. अर्ध्या मीटरच्या आतबाहेर लांबीचा मॅनिफोल्ड त्यामुळे हेडपेक्षा सुमारे दोन मिमी जास्त लांबतो, आणि ती सगळी ओढाताण टोकांच्या स्टडवर येते. रोज तापणं-थंड होणं, रोज वाकणं. कसताना मधून टोकाकडे जायचं, आणि मॅनिफोल्डची मूळची मोकळी भोकं बुशिंग घालून घट्ट करायची नाहीत, त्याचं कारण हेच. ती ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते.

स्टडचा तुकडा बाहेर डोकावत असेल तर त्यावर एक मोठा नट ठेवून आतून वेल्डिंग भरा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच गंज सुटतो. दोन मिनिटं थंड होऊ द्या आणि आवळ-सोड करत बाहेर काढा. हेडच्या पातळीत तुटला असेल तर काम किचकट आहे. आधी सेंटर पंचने बरोबर मध्यावर खूण, मग ३ मिमीचं ड्रिल, मग ५ मिमी, तेल टाकत, हळू फेऱ्यांवर. ड्रिल तिरकं गेलं तर हेडचे आटे जातात. एक्स्ट्रॅक्टर (तुटका स्टड फिरवून काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) वापराल तर जपून, तो आत तुटला तर ड्रिलही लागत नाही. शेवटी आटे साफ करायला एम८ला (८ मिमीचा स्टड) १.२५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये) टॅप (नवे आटे पाडायचे तर ६.८ मिमीचं भोक), एम१०ला १.५ पिचचा टॅप आणि ८.५ मिमीचं भोक. तुमचे स्टड याच मापाचे आहेत का हे पिच गेजने तपासून मगच. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवून घ्या. हेड ॲल्युमिनियमचं असेल किंवा हाताला सवय नसेल, तर इथे हट्ट सोडा आणि मशीन शॉपवाल्याला बोलवा. चुकलेल्या भोकाचा खर्च मॅनिफोल्डच्या कितीतरी पट होतो.

काही इंजिनांत स्टडची भोकं थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात. स्टड काढताच कूलंट आलं तर घाबरू नका, पण परत बसवताना त्या आट्यांवर उष्णतेला टिकणारं सीलंट लावा.

जुनं गॅस्केट खरवडताना ते ओलं करा आणि तोंडाला चांगला मास्क लावा. जुन्या गाड्यांच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं ग्राइंडर मारलं की ती धूळ सगळ्या गॅरेजच्या छातीत जाते. पितळी किंवा बोथट खरवडणी वापरा, हेडच्या तोंडात फडकं कोंबून. काम झालं की फडकी मोजून बाहेर काढा.

आता मॅनिफोल्ड सरळ आहे का ते बघा. स्वच्छ केलेल्या तोंडांवर लोखंडी पट्टी उभी धरा आणि खाली फीलर गेज घालून बघा. ०.१० मिमीपर्यंत फट असेल तर नवं गॅस्केट सांभाळून घेईल. ०.२० मिमीच्या पुढे गेली तर मशीन शॉपमध्ये फेस मारून (तोंड घासून सपाट करून) घ्या. हे न करता नवं गॅस्केट घातलं तर ते काही आठवड्यांत त्याच जागी जळतं, आणि दोष गॅस्केटच्या ब्रँडवर येतो.

चीर शोधायला जुनी पद्धत अजून उत्तम आहे. मॅनिफोल्डला डिझेल चोपडा, दहा मिनिटांनी कोरडा पुसा, वर खडूची पूड घासा. चिरेत मुरलेलं डिझेल बाहेर झिरपून खडूवर काळसर रेघ उमटते, केसाएवढी असली तरी. सिलिंडरच्या तोंडांच्या मधल्या सांध्यावर आणि टर्बोच्या फ्लँजजवळ नीट बघा. बिडाचं वेल्डिंग निकेल रॉडने, आधी सगळा तुकडा तापवून आणि नंतर राखेत किंवा वाळूत हळू थंड करून होतं, पण मॅनिफोल्डवर ते फार काळ टिकत नाही. चीर पडलेला मॅनिफोल्ड बदला. जुना घ्यायचा असेल तर तोही खडू आणि पट्टीने तपासूनच घ्या.

बसवताना

नवे स्टड हेडमध्ये दोन नट एकमेकांवर घट्ट करून फिरवा, हलक्या हाताने तळाला टेकवा. नटाच्या आट्यांना अँटी-सीझ लावा, पुढच्या वेळी तुम्हीच स्वतःला दुवा द्याल. गॅस्केट कोरडं बसवा. लाल किंवा काळं सिलिकॉन इथे जळून भुकटी होतं, आणि त्याचा तुकडा टर्बोत गेला तर नवी पंचाईत.

नट आधी हाताने बसवा, मग मधून बाहेर, आडवे-तिडवे, दोन फेऱ्यांत कसा: पहिल्यांदा निम्मा टॉर्क, मग पूर्ण. आकडा गाडीच्या मॅन्युअलचाच घ्या. मॅन्युअल नसेल तर साधारण एम८ला २० ते २५ न्यूटन-मीटर आणि एम१०ला ४० ते ४५ इतकाच अंदाज ठेवा. जास्त कसल्याने लीकेज थांबत नाही, स्टड ताणला जातो आणि महिनाभरात तुटतो.

टर्बोची ऑइल लाइन जोडण्याआधी त्याच्या तोंडात थोडं स्वच्छ इंजिन ऑइल ओता. सगळं जोडून झालं की बॅटरीची केबल लावा. यांत्रिक पंपाच्या गाडीत इंजिन बंद करायचा स्टॉप ओढून ठेवून दहा सेकंद सेल्फ मारा, म्हणजे टर्बोचं बेअरिंग कोरडं फिरणार नाही. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या) गाडीत हे मॅन्युअलप्रमाणे.

खालची लाइन: फ्लँज, फ्लेक्सिबल, पाईप

फ्लँज गंजून थर चढलेला असतो. कानशीने दोन्ही तोंडं स्वच्छ करा, गॅस्केट किंवा रिंग नवी घाला. फ्लेक्सिबलची जाळी फाटली असेल तर वरून वेल्डिंग मारू नका. तो तुकडा हलण्यासाठीच असतो. वेल्डिंगने आखडला की इंजिनचा हिसका थेट मॅनिफोल्डच्या स्टडवर जातो. त्याच व्यासाचा आणि त्याच लांबीचा नवा घाला. आणि तो का फाटला ते बघा: एकाने ब्रेक दाबून क्लच अर्धा सोडावा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उसळतं ते बघावं. जास्त उसळत असेल तर माउंटिंग आधी बदला. हे न करता घातलेला फ्लेक्सिबल पुन्हा फाटतो.

तारेने बांधलेला सायलेन्सर हे जुन्या पिकअपचं ठरलेलं दृश्य. हँगर रबर तुटलं की तार बांधली जाते, तार कंपन शोषत नाही, आणि काही आठवड्यांत जवळचा फ्लँज किंवा वेल्डिंग तुटतं. रबर स्वस्तात मिळतं. सगळी एकदम बदला.

पाईप कुजला असेल तर भोकाच्या आजूबाजूला छोट्या हातोडीने ठोकून बघा. चांगलं लोखंड टणटणतं, कुजलेलं भद्द वाजतं. टणटणीत आवाज लागेपर्यंत मागे-पुढे जा, आणि त्याच्या आणखी ५० मिमी पुढे कापा. कुजक्या कडेला वेल्डिंग धरतच नाही, फक्त भोक मोठं होतं.

नवा तुकडा १.६ किंवा २ मिमी जाडीच्या एमएस (माइल्ड स्टील) पाईपचा घ्या. व्यास व्हर्नियरने मोजूनच. पाण्याचा जीआय पाईप वापरू नका: त्यावरचं जस्त वेल्डिंगमध्ये जळून पांढरा धूर होतो, आणि तो श्वासात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. जोडताना पुढून येणारा पाईप मागच्याच्या आत घाला, ४० ते ५० मिमी आत, म्हणजे धूर कडेवर आपटत नाही.

शक्यतो तुकडा गाडीतून काढून बाहेर वेल्ड करा. डिझेल टाकी आणि ब्रेकचे पाईप चेसिसलाच लागून असतात. गाडीवरच करावं लागलं तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, कॉमन रेल गाडीत ईसीयूचा (इंजिनचा कॉम्प्युटर) कनेक्टरही, आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावा. २.५ मिमीचा ६०१३ रॉड, ६० ते ७५ अँपिअर. आधी चार ठिकाणी टाके, मग समोरासमोर थोडं थोडं भरत जा. सलग ओढलं तर पातळ पाईप जळून जातो.

फिट करताना सगळे क्लॅम्प आणि नट ढिले ठेवा. लाइन हँगरवर मोकळी लटकू द्या, चेसिसला, प्रोपेलर शाफ्टला, ब्रेक आणि डिझेल पाईपला कुठे घासत नाही ना ते बघा. किमान साडेतीन सेंटिमीटर अंतर असावं. पिकअपमध्ये आणखी एक गोष्ट विसरली जाते: माल भरला की पाटे दबतात आणि बॉडी धुऱ्यावर खाली येते. धुऱ्यावरून जाणारा टेल पाईप रिकाम्या गाडीत ठीक दिसतो, भरल्यावर आपटतो. म्हणून तिथे अंतर आणखी जास्त हवं. सगळं जुळल्यावर पुढून मागे कसत या. ताण देऊन बसवलेली लाइन पुन्हा त्याच जोडातून सुटते. टेल पाईपचं तोंड खाली किंवा डाव्या बाजूला वळवू नका. नियमातही तसं चालत नाही, आणि फिटनेसला गाडी अडते.

सायलेन्सरचा डबा दोन-तीन ठिकाणी कुजला असेल किंवा आतले पडदे सुटून खडखडत असतील तर ठिगळ न लावता नवा घ्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत तो काढून सरळ पाईप टाकण्याचा सल्ला मिळेल, तो मानू नका.

वाटेतच फुटला तर

पाईपचं भोक पत्र्याच्या डब्याच्या तुकड्याने झाकायचं. पाईप थंड करून वायर ब्रशने घासा, सायलेन्सर पेस्ट लावा, पत्रा दीड वेढा गुंडाळा आणि दोन्ही टोकांना लोखंडी होज क्लॅम्प आवळा. घरापर्यंत पोचायला पुरतं. एपॉक्सी लांबी गरम पाईपवर काही मिनिटांत जळते. फ्लँजचा नट पडला असेल तर तात्पुरता त्याच मापाचा कुठलाही नट-बोल्ट लावा. काचा उघड्या ठेवून चला, आणि मॅनिफोल्ड किंवा टर्बोजवळ ज्वाळा किंवा लालसर भाग दिसला तर गाडी पुढे नेऊ नका.

शेवटची तपासणी

इंजिन सुरू करून पहिली दहा मिनिटं थोडा धूर आणि वास येईल. हाताळताना लागलेलं तेल-ग्रीस जळतंय. त्यानंतरही जोडातून धूर दिसला तर बंद करा. मदतनीसाने जाड हातमोजा घालून, ओलं गोणपाट टेल पाईपवर पाच सेकंद दाबून धरावं. इंजिन गुदमरल्यासारखं झालं तर लाइनला लीकेज नाही, हाताला दाबच लागला नाही तर कुठेतरी अजून सुटतंय. मग लोड घालून एक चढ चढा आणि पिकअप, काळा धूर, शिट्टी यांवर लक्ष ठेवा.

दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, मॅनिफोल्डचे नट त्याच क्रमाने त्याच टॉर्कवर पुन्हा तपासा. गॅस्केट दबून बसलेलं असतं, एखादा नट पाव फेरा घेतोच. त्याच वेळी टॉर्चने सगळ्या जोडांवर नवी काजळी शोधा, आणि हँगर रबर एकेक हाताने ओढून बघा.